सुंठीचा रोजमेळ

मराठी भाषेत मांजराविषयी म्हणी पुष्कळ आहेत; पण मांजराची बाजू घेणारी म्हण शोधू गेल्यास सहसा सापडत नाही. डोळे मिटून दूध पिते ते मांजर; उंदराला साक्ष म्हणून उभे राहते तेही मांजर; आणि कामाला निघालेल्या माणसाला आडवे जाते तेही मांजरच! कुत्र्याला इमानी म्हणून गौरवावे आणि मांजराला मतलबी म्हणून हिणवावे, असा जणू संकेतच पडून गेला आहे. अशा ह्या बदनाम जातीतील एका मांजरीची ही हकीकत आहे. तिची बदनामी तर दुहेरी होती. कारण हौसेने मांजरे पाळणाऱ्या माणसांनीही तिला वाईट ठरविले होते.

पुणे शहराच्या एका टोकास, निराधार प्राण्यांना आसरा देणारे एक लहानसे आश्रयगृह आहे. मोटारीखाली सापडलेली कुत्री, गटारातून वर काढलेली पिले, धनी घर बदलून गेल्यामुळे मागे राहिलेली मांजरे, अशी नाना प्रकारची मंडळी तेथे एकत्र नांदतात. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईंना सर्वजण मावशी म्हणतात. ह्या मावशींनीच त्या मांजरीचे नाव सुंठी असे ठेवले होते. तिचा रंग सुंठीच्या तुकड्यासारखा फिकट पिवळसर होता. आणि स्वभावाचा तिखटपणाही त्या नावाला शोभेसाच होता.

सुंठीला दोन घरांनी नेले, आणि दोन्ही घरांनी परत आणून सोडले. पहिल्या घरी ती पंधरा दिवस राहिली, दुसऱ्या घरी एक महिना. दुसऱ्या घरचे गृहस्थ तिची टोपली मावशींच्या हाती देताना म्हणाले, "लोकांचा खोकला सुंठीवाचून जातो, आमचा सुंठी गेल्यावर जाईल!" मावशींनी निमूटपणे टोपली घेतली आणि तिच्या पिंजऱ्यावरील कार्डावर लिहिले : "स्वभाव तापट. चावते. लहान मुलांच्या घरी देऊ नये."

एका रविवारी सकाळी अप्पा आपल्या नातीला घेऊन त्या आश्रयगृहात आले. नात सातवीत शिकत होती. घरात तिला सर्वजण ताई म्हणत. मांजराचे एखादे गोजिरवाणे पिलू घरी न्यावे, अशा विचाराने ती आली होती. पिले तर जाळीशी येऊन आपापले लहान पंजे बाहेर काढीत होती. पण ताईचे लक्ष कोपऱ्यातील पिंजऱ्याकडे गेले. तेथे सुंठी सगळ्या जगाकडे पाठ फिरवून बसली होती.

"हिला कोणी नेत नाही का?" ताईने विचारले.

"दोनदा नेली, बाळ," मावशी म्हणाल्या. "तिसऱ्यांदा परत आली, तर मात्र पुन्हा कोणी हात लावणार नाही. मग हिचा जन्म ह्या पिंजऱ्यातच जायचा."

अप्पा पुढे होऊन ते कार्ड वाचू लागले. त्यांची चाळीस वर्षे एका सहकारी बँकेत हिशेब तपासण्यात गेली होती. पावती पाहिल्यावाचून रक्कम मान्य करायची नाही, हा त्यांचा जन्माचा नियम. कार्ड दोनदा वाचून ते म्हणाले, "येथे निकाल लिहिलेला आहे, पण पुरावा काय तो लिहिलेला नाही." आणि ताईच्या मुद्रेकडे पाहून त्यांनी पिलांचा विचार सोडून दिला. सुंठीला रेबीजची लस टोचलेली आहे, अशी खात्री करून घेऊन ते तिला घरी घेऊन आले.

घर जुन्या वाड्यातील माडीवरचे होते. सुंठीने टोपलीतून बाहेर पाऊल टाकले आणि ती तडक कपाटाखाली शिरली. तेथून ती तीन दिवस बाहेर आली नाही. रात्री सर्व निजल्यावर मात्र बशीतील खाणे संपलेले असे. आजी म्हणाली, "आपण सासरी आलो तेव्हा काय निराळे केले? माणसाने नव्या घराचा अदमास घेतला तर त्याला शहाणपण म्हणायचे, आणि मांजराने घेतला तर माणूसघाणेपणा!" आजीच्या ह्या बोलण्यामुळे तिला ओढून बाहेर काढण्याचा बेत बाबांनी सोडून दिला.

चौथ्या दिवशी सुंठी आपण होऊन बाहेर आली. तिने सगळे घर फिरून पाहिले, अप्पांची आरामखुर्ची पसंत केली आणि तीवर बसून ती अंग चाटू लागली. तेव्हा ताईला प्रथमच तिची नीट पाहणी करता आली. सुंठीच्या मानेवरील केस गेले होते. कानांपुढे कातडी लाल झाली होती. पोटाखालचा भाग तर चाटून चाटून उघडा पडला होता. मधूनच ती चाटणे थांबवी आणि मागच्या पायाने मान इतक्या जोराने खाजवी की, खुर्ची हलत असे.

आठव्या दिवशी घडू नये ते घडले. ताई लाडाने सुंठीच्या मानेवरून हात फिरवीत होती. इतक्यात सुंठीने वळून तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रक्त आले. आईने ताईचा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धरला आणि लगेच तिला डॉक्टरांकडे नेले. प्राण्याचा दात लागल्यावर, तो प्राणी घरचा असला तरी, हयगय करावयाची नसते. डॉक्टरांनी जखम पाहून आवश्यक ती इंजेक्शने सुरू केली.

घरी परतल्यावर आई अप्पांना म्हणाली, "अप्पा, तुमचा शब्द मी मोडीत नाही. पण माझ्या मुलीच्या हाताला आज दात लागला. उद्या डोळ्याला नख लागेल. ही मांजरी आता परत गेली पाहिजे."

आईचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि अप्पांनाही ते ठाऊक होते. ते एवढेच म्हणाले, "मला आजची रात्र दे. रोजमेळ एकदा पाहू, मग तू म्हणशील तसे करू."

हा रोजमेळ म्हणजे एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही होती. सुंठी आल्या दिवसापासून अप्पांच्या सांगण्यावरून ताई तीत नोंदी करीत असे. वहीत तीन रकाने होते : वेळ, सुंठीने काय केले, आणि त्याच्या अगोदर काय घडले. त्या रात्री आजोबा आणि नात दिव्याखाली बसून त्या नोंदी वाचू लागली. आठ दिवसांत सुंठी नऊ वेळा अंगावर आली होती. अप्पांनी तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरविले. सात वेळा कोणाचा ना कोणाचा हात तिच्या मानेला किंवा कानांना लागला होता. दोन वेळा पोटाला. नुसते जवळ बसल्यामुळे, बशी उचलल्यामुळे किंवा दार वाजल्यामुळे ती एकदाही चावली नव्हती.

ताई बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "अप्पा, जेथे तिला जखम आहे, तेथेच हात लावला की ती चावते."

"असे असेल," अप्पा म्हणाले, "तर कार्डावर जो स्वभाव म्हणून लिहिला आहे, तो स्वभाव नसून दुखणे असेल. दुखण्याबद्दल कोणाला घराबाहेर काढीत नाहीत."

आईने ते पान वाचले. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्याची वेळ तिनेच विचारून घेतली. मध्यंतरी आजी खोबरेल तेलात कापूर घालून वाटी घेऊन आली होती. खाजेवर हा तिचा नेहमीचा उपाय. पण डॉक्टरांना विचारल्याखेरीज काहीही लावायचे नाही, असे ठरल्यामुळे वाटी तशीच फळीवर राहिली.

दवाखान्यात बसल्या बसल्या ताईने विचारले, "अप्पा, मुक्या जनावरांसाठी असे दवाखाने पूर्वीपासून होते का?"

"आपल्याकडे पांजरपोळांची चाल फार जुनी," अप्पा सांगू लागले. "मुंबईचा पांजरपोळ १८३४ सालचा. पुढे मुंबईतच परळला जनावरांचे मोठे रुग्णालय झाले. १८८६ साली तेथे पशुवैद्यकाचे महाविद्यालयही निघाले. आणि स्वातंत्र्यानंतर भरतनाट्यम् ह्या नृत्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत मुक्या प्राण्यांची बाजू मांडली. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणारा कायदा झाला. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याने त्याची नीट काळजी घेतली पाहिजे आणि त्याला विनाकारण यातना होऊ देता कामा नये, असे तो कायदा सांगतो."

इतक्यात त्यांची पाळी आली. डॉक्टरीणबाईंनी सुंठीला ओढाताण न करता टोपलीचे झाकणच काढून घेतले आणि तिला एका जाड पंचात गुंडाळून तपासले. तिच्या मानेवर बाजरीच्या दाण्याएवढ्या असंख्य खपल्या होत्या. मग त्यांनी बारीक दातांच्या फणीने तिचे केस विंचरले. फणीत काळे कण आले. ते कण त्यांनी ओल्या पांढऱ्या कापसावर टाकले, तो त्यांच्याभोवती तांबूस डाग उमटला.

"ही पिसवांची विष्ठा," त्या म्हणाल्या. "पिसू रक्त पिते, म्हणून हा रंग. पिसवा मात्र दिसायच्या नाहीत. मांजर चाटता चाटता त्या गिळून टाकते."

"म्हणजे हिला पिसवा झाल्या आहेत, एवढेच ना?" अप्पांनी विचारले.

"एवढेच असते तर इतकी खाज सुटली नसती. हिला त्यांचे वावडे आहे. पुष्कळ मांजरांना पिसू चावते आणि विशेष काही होत नाही. पण ज्याला पिसवेच्या लाळेचे वावडे आहे, त्याला एखाददुसरा चावाही पुरतो."

वावडे, म्हणजे ज्याला आज सर्रास ॲलर्जी म्हणतात ते नेमके कसे असते, हे डॉक्टरीणबाईंनी ताईला समजावून सांगितले. शरीरात रोगांशी लढणारी एक संरक्षणव्यवस्था असते. तिने शत्रूला अडवावे आणि मित्राला आत येऊ द्यावे, अशी योजना आहे. पण कधी कधी ही व्यवस्था निरुपद्रवी वस्तूलाच शत्रू समजते, आणि तिच्यावर तुटून पडते. त्या झटापटीत शरीराचेच हाल होतात. कातडी सुजते, लाल होते, खाजते. मांजरांमध्ये हे वावडे बहुधा तीन प्रकारचे आढळते : पिसवांचे, एखाद्या खाद्यपदार्थाचे, आणि धूळ, परागकण किंवा बुरशी ह्यांसारख्या भोवतालच्या वस्तूंचे. हा रोग संसर्गजन्य नाही. तो बहुधा समूळ जात नाही. पण कारण सापडल्यास आटोक्यात ठेवता येतो.

"मग तिन्हींवर एकदम औषध द्या ना!" ताई म्हणाली.

"सगळे एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळायचे नाही. एका वेळी एकच संशयित तपासायचा. आज पिसवांची पाळी."

त्यांनी सुंठीच्या मानेमागे, जेथे तिची जीभ पोहोचत नाही अशा जागी, औषधाचे थेंब टाकले. खाज शमविण्यासाठी थोडे दिवस घ्यावयाचे औषधही दिले. आजीच्या कापराच्या तेलाची गोष्ट निघताच त्या गंभीर झाल्या. मांजराच्या अंगावर जे लावावे, ते चाटण्यातून त्याच्या पोटात जाते. आणि कापूर मांजराला विषारी आहे. माणसांना ताप उतरण्यासाठी देतात ती पॅरासिटामॉलची गोळी तर त्याच्या जिवावर बेतते. कुत्र्यांच्या पिसवांवरील काही औषधांत परमेथ्रिन नावाचे द्रव्य असते; तेही मांजराला मारक ठरते. "कुत्र्याचे ते मांजराला, आणि माणसाचे ते दोघांना, असे कधी करू नका," असे त्यांनी बजावले. घरी येताच आजीने ती वाटी स्वतः रिकामी केली.

त्यानंतर घरात पिसवांविरुद्ध मोहीम सुरू झाली. कारण पिसवांची अंडी आणि अळ्या मांजराच्या अंगावर थोड्या आणि सतरंज्यांत, गाद्यांत व फरशीच्या फटींत अधिक असतात. दर आठवड्यास सुंठीचे अंथरूण गरम पाण्यात धुतले जाऊ लागले. बाबा रोज कोपरे झाडू लागले. दर महिन्यास थेंबांची तारीख रोजमेळात लिहिली जाऊ लागली. दीड महिन्याने सुंठीच्या पोटावर मऊ लव दिसू लागली. पण मान व कान खाजविणे काही थांबले नाही. वहीतील नोंदी पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एक चोर सापडला, पण घरात आणखी एक आहे. आता खाण्याची झडती घेऊ."

खाण्याचे वावडे रक्त तपासून खात्रीने कळत नाही. त्यासाठी एकच भरवशाचा मार्ग आहे. आठ आठवडे मांजराला एक विशेष खाद्य द्यायचे, आणि त्याखेरीज दुसरा कणही द्यायचा नाही. ह्या खाद्यातील प्रथिनांचे अतिशय बारीक तुकडे केलेले असतात. फाडलेल्या पत्राचे कपटे पाहून पत्र कोणाचे ते ओळखता येत नाही. तसे ह्या तुकड्यांवरून शरीराला मूळ प्रथिन ओळखता येत नाही, आणि म्हणून ते त्याच्यावर तुटून पडत नाही.

घर शाकाहारी होते. ते खाद्य मांसापासून केलेले आहे, हे कळल्यावर अप्पा जरा घुटमळले. पण आजीने निकाल दिला : "वाघाच्या मावशीला भाकरीवर ठेवून चालेल का? आपले व्रत आपल्यापाशी." तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या डोळ्यांना व हृदयाला टॉरिन नावाचे द्रव्य लागते, आणि ते निसर्गतः मांसातूनच मिळते. इतकेच काय, मोठ्या वयाच्या पुष्कळ मांजरांना दूधही नीट पचत नाही. आजीने रोजची दुधाची बशी बंद केली, तेव्हा तिलाच अधिक वाईट वाटले.

सुंठीला हे नवे खाद्य मुळीच पसंत पडले नाही. तिने प्रथम ते हुंगले. मग फरशीवर पंजा असा घासला की, जणू ती त्यावर माती लोटीत आहे. दुसऱ्या दिवशी तिने वाडगेच उलटे केले. ताईला वाटले, एक दिवस उपाशी राहिली की मुकाट्याने खाईल. पण डॉक्टरीणबाईंनी तसे करण्यास स्पष्ट मनाई केली होती. कारण मांजर दोन-तीन दिवस जरी उपाशी राहिले तरी त्याच्या यकृताला धोका संभवतो. हट्टाला हट्टाने उत्तर देणे तेथे उपयोगाचे नव्हते. तेव्हा जुन्या खाण्यात नवे थोडे थोडे मिसळून, दहा दिवसांनी जुने सगळे बंद करण्यात आले. त्या दिवसापासून आठ आठवडे मोजावयाचे ठरले.

ह्या काळात ताई सुंठीची भाषा शिकली. शेपटीचे टोक झटकू लागले, कान मागे गेले किंवा पाठीची कातडी थरथरली की हात आवरता घ्यायचा. बोट पुढे धरून वाट पाहायची. तिने आपण होऊन गाल घासला, तरच स्पर्श करायचा. तिच्याकडे टक लावून न पाहता, डोळे सावकाश मिटायचे व सावकाश उघडायचे. मांजराशी मैत्री जोडण्याची ही खूण आहे. असे डोळे मिचकावणाऱ्या माणसाजवळ मांजरे अधिक येतात, असे इंग्लंडमधील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले आहे. ताईने हा प्रयोग रोज केला. अठराव्या दिवशी सुंठीने तिच्याकडे पाहून डोळे सावकाश मिटले. ती नोंद ताईने लाल शाईने केली.

पाचव्या आठवड्याच्या अखेरीस मानेवर केस दिसू लागले. सर्वांना आनंद झाला. आणि सहाव्या आठवड्यात एके सकाळी सुंठी पुन्हा मान ओरबाडू लागली. दोन दिवसांत जुनी जखम उघडी पडली. ताईच्या डोळ्यांत पाणी आले. सगळे श्रम वाया गेले, असे तिला वाटले. आईचाही धीर सुटू लागला. अप्पांनी मात्र चष्मा पुसला आणि रोजमेळ उघडला.

घरच्या नोंदींत काहीच चूक नव्हती. तेव्हा अप्पा वाड्यातील बिऱ्हाडांत चौकशी करीत गेले. शेवटी खालच्या बिऱ्हाडातील सहा वर्षांचा बंडू रडवेला होऊन पुढे आला. सुंठी जिन्यात येऊन बसत असे. आणि तो तिला रोज आपल्या ताटातील सुक्या बोंबलाचा तुकडा नेऊन देत असे. मांजराला मासे आवडतात, असे त्याने चित्रांच्या पुस्तकात पाहिले होते.

ताई रागाने लाल झाली. "तुझ्यामुळे तिला पुन्हा—" ती म्हणू लागली. पण अप्पांनी तिला थांबविले. "रागावू नकोस. आपण जे शोधीत होतो, त्याची पावती ह्याच्याकडे निघाली आहे."

डॉक्टरीणबाईंनाही तसेच वाटले. आश्रयगृहात सुंठी मासळीबाजारातील उरलेसुरले मासे खाऊन वाढली होती. वावडे नव्या पदार्थाचेच असते असे नाही. वर्षानुवर्षे खाल्लेल्या पदार्थाचेही ते निर्माण होते, आणि मांजरांच्या बाबतीत मासे हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. तरीही एका प्रसंगावरून निष्कर्ष काढण्यास त्या तयार नव्हत्या. "पुन्हा आठ आठवडे," त्या म्हणाल्या, "आणि मग एकेक पदार्थ आपण स्वतः देऊन पाहू."

पुन्हा पहिल्यापासून आरंभ झाला. ह्या वेळी बंडूला पहारेकरी नेमण्यात आले. जिन्यावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी लावली : "सुंठीला खाऊ देऊ नये. हुकूम." तो शाळेतून आला की, पाटी जागेवर आहे ना, हे प्रथम पाहत असे. आठ आठवडे पुरे झाले तेव्हा सुंठीची मान भरून आली होती. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन आठवडे कोंबडीचे मांस देऊन पाहिले. काही झाले नाही. नंतर मासे दिले. तिसऱ्या दिवशी खाज सुटली. मासे बंद करताच काही दिवसांत ती ओसरली. आता शंकेला जागा उरली नाही. सुंठीला पिसवांचे आणि माशांचे वावडे होते. आणि ह्या दोन्हींपासून तिला जन्मभर जपावयाचे होते.

आजार हटल्यावर सुंठी गरीब गाय होईल, अशी ताईची समजूत होती. तसे काही झाले नाही. मानेवरून हात फिरविला तर ती आता चावत नसे. उलट डोळे मिटून घुरघुर करी. पण पोटाला हात लावलेला तिला पूर्वीसारखाच खपत नसे. अप्पांनी वर्तमानपत्र उघडले की ती बरोबर अग्रलेखावर येऊन बसे. हाक मारली तर कान तेवढा वळवी आणि जागची हलत नसे. मांजराला आपले नाव ओळखता येते, असे जपानमधील संशोधकांनी २०१९ साली दाखवून दिले आहे. तेव्हा तिला ऐकू येत नव्हते किंवा कळत नव्हते, असेही म्हणता येईना. तिने खुर्चीचा पाय ओरबाडला म्हणून बाबांनी सुतळी गुंडाळलेला एक खांब करून दिला. तो तिने मान्य केला. पण आठवड्यातून एकदा खुर्चीवरील हक्कही ती बजावीत असे.

"अप्पा, इतके केले, तरी ही बदलली नाहीच!" ताई एकदा हिरमुसून म्हणाली.

"बदलली नाही कशी? दुखणे होते ते गेले. जे उरले आहे तो तिचा स्वभाव," अप्पा म्हणाले. "दुखणे बरे करायचे असते, ताई, स्वभाव ओळखून घ्यायचा असतो. माझ्या स्वभावाला तुझी आजी पन्नास वर्षे औषध शोधते आहे."

"आणि अजून सापडले नाही!" आजी आतून म्हणाली.

सुंठी घरी आली त्याला वर्ष झाले, तेव्हा ताई तो लाल रोजमेळ घेऊन आश्रयगृहात गेली. मावशींनी पाने उलटून पाहिली. नऊ चाव्यांच्या त्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या. मग त्यांनी कपाटातून सुंठीचे जुने कार्ड काढले, त्यावर एक रेघ ओढली आणि खाली लिहिले : "स्वभाव स्वाभिमानी. माशांचे व पिसवांचे वावडे. पोटास हात लावू नये." थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग पिंजऱ्यांच्या रांगेकडे पाहून म्हणाल्या, "असे 'तापट' लिहिलेले आणखी तिघे आहेत येथे." आणि त्यांनी त्यांची कातडी, कान व दात तपासून घेण्यासाठी डॉक्टरीणबाईंना निरोप पाठविला.

त्या संध्याकाळी हे सारे लिहून ठेवण्यासाठी ताईने रोजमेळ उघडला. शाई भरली, तारीख घातली; आणि पाणी पिऊन येते, तो सुंठी त्या उघड्या पानावर ऐसपैस बसलेली होती. ताईने तिच्याकडे पाहून सावकाश डोळे मिटले. सुंठीनेही मिटले, पण ती उठली नाही. त्या दिवसाचा रोजमेळ दुसऱ्या दिवशी सकाळी लिहावा लागला.

अभ्यास

१. "येथे निकाल लिहिलेला आहे, पण पुरावा काय तो लिहिलेला नाही," असे अप्पा कोणत्या प्रसंगी म्हणाले? त्याचा अर्थ स्पष्ट करा.

२. रोजमेळात तीन रकाने कोणते होते? तिसऱ्या रकान्यामुळे कोणती गोष्ट उघडकीस आली?

३. कारणे द्या : (अ) डॉक्टरीणबाईंनी तिन्ही प्रकारच्या वावड्यांवर एकदम उपाय केला नाही. (आ) सुंठीला उपाशी ठेवण्यास त्यांनी मनाई केली. (इ) बंडूवर रागावू नये, असे अप्पांना वाटले.

४. आईने सुंठीला परत पाठवावयाचे म्हटले, ते योग्य होते काय? दोन्ही बाजूंचा विचार करून दहा ओळी लिहा.

५. वाक्यांत उपयोग करा : वावडे असणे, अदमास घेणे, जिवावर बेतणे, सुंठीवाचून खोकला जाणे.

६. आपल्या घरातील किंवा परिसरातील एखाद्या प्राण्याचे आठ दिवस निरीक्षण करा, आणि ताईप्रमाणे तीन रकान्यांत नोंदी ठेवा. आधी नोंद, मग मत, हा क्रम पाळा.